संक्रांतीनंतर पाहू

मोठ्या बाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळसरळ भांडण होतं. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी पहिल्या परिचयाचा प्रसंग आवर्जून लिहायला सांगितला आहे, तेव्हा तो झाकून ठेवता येत नाही. त्यातही भांडलो मी एकटाच. बाई समोर बसून जुन्या वह्यांचे कागद कात्रीने कापत होत्या आणि चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात टाकत होत्या.

मी बाईंचा सहकारी नाही, विद्यार्थीही नाही. मी एक पालक. पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात त्यांच्या शिक्षणकार्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ आहेत आणि ती लिहितीलच. मला लिहायचं आहे ते एका हिवाळ्याबद्दल. त्या हिवाळ्यात माझी मुलगी माझ्यापासून लांब जायची होती, आणि ती गेली नाही ते बाईंमुळे.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. देशात सगळीकडे नवं वारं होतं. बँकेत संगणक येणार म्हणून आम्ही कर्मचारी दारात घोषणा देत होतो, आणि त्याच सुमारास माझी साताऱ्याहून उज्जैनला बदली झाली. पत्नी जाऊन वर्षही झालं नव्हतं. सात वर्षांच्या गौरीला घेऊन मी फ्रीगंजमध्ये, टॉवर चौकापासून जवळ, दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. थाटलं म्हणायचं आपलं. दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि एक गप्प मुलगी, एवढाच काय तो थाट. मराठी प्राथमिक शाळा जवळ होती म्हणून तिथं नाव घातलं. तेही कारकुनाकडे फॉर्म देऊन. आत डोकावून बघायची मला गरज वाटली नाही.

गौरी बोलेनाशी झाली होती. मी काही विचारलं की मान हलवायची. "शाळेत काय झालं?" मान. "जेवलीस?" मान. साताऱ्याहून दादा आणि वहिनींची पत्रं येत होती. पोरीला आमच्याकडे पाठव, तिथं परमुलखात एकटा पुरुष काय करणार आहेस, असा सूर. माणसं चांगली, बोलत होती तेही खोटं नव्हतं. कार्तिक संपता संपता मी ठरवलं की संक्रांतीच्या रजेत गौरीला साताऱ्याला सोडायचं. अर्ज लिहिला आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला बाईंच्या खोलीत गेलो.

"बसा तर. चाय घेणार?" बाई म्हणाल्या.

"चहा नको. दाखला हवा आहे. गौरी पाटणकर, दुसरी."

"अच्छा, आपली गौरी! का बरं काढून राहिले तिला?"

बाईंचं घराणं शिंदेशाहीच्या काळात दरबारी कामासाठी इकडे आलेलं, तेव्हापासून इथलंच झालेलं. त्यांच्या मराठीला माळव्याचं पाणी लागलं होतं, आणि तेव्हा मला ते कानाला खटकायचं. आज माझीच मुलगी मला म्हणते, बाबा, तुम्ही पण आता असंच बोलून राहिले. तेव्हा मी सातारकराच्या ताठ्यात सगळं सांगितलं. आई गेली, मी एकटा, मुलगी इथं रमत नाही, तोंडातून शब्द काढत नाही.

"शब्द काढत नाही?"

"एक नाही."

"असं का," बाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग अर्ज घेऊन टेबलाच्या खणात ठेवला. "ठेवली तुमची अर्जी. संक्रांतीनंतर पाहू."

मी भडकलो. मी बँकेतला माणूस, नियमाशिवाय आम्ही पाणी पीत नाही. "हा कुठला नियम? लेखी दाखवा," असं मी चांगलं मोठ्यानं म्हणालो. बाईंचा आवाज काही चढला नाही. "लिहिलेला नाही तो. पण हिवाळ्याच्या मधून आम्ही मुलाचं नाव काढत नाही. हिस्से वाटून होतात ना." आणि डबा खुळखुळवून म्हणाल्या, "गौरीनं कालच चिठ्ठी उचलली. तुमच्या नावाचं काम निघालं. या शनिवारी बाफले तुमच्याकडे."

आता या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं काम त्या डब्यात होतं. थंडी पडली की संक्रांतीपर्यंत दर शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे पालकांचा शनिवार असे. खेळांच्या शर्यती, नकला-नाच, तिळगूळ, शेवटी संक्रांतीला गिल्ली-दंडा, म्हणजे आपला विटीदांडू. यात पालकांनी नुसतं बघायला यायचं नाही, अशी बाईंची सक्त अट. मूल डब्यातून चिठ्ठी उचलणार आणि त्यात जे निघेल ते घरच्या मोठ्या माणसानं मुलाला जोडीला घेऊन करायचं. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, तीळ भाजणं, पडदा ओढणं, काहीही. वकील असो की फूलवाला, चिठ्ठी बदलून मिळत नसे.

तो काळ असा, की नानाखेड्याकडे नवी इंग्रजी शाळा उघडली होती आणि तिची पिवळी बस आमच्या मराठी मुलांच्या डोळ्यांसमोरून भोंगा वाजवत जायची. दरवर्षी चार-सहा घरं तिकडे वळत होती. शाळेच्या समितीतल्या एका गृहस्थांनी बाईंना सुचवलं, जमाना बदलून राहिला आहे, आपणही स्नेहसंमेलन झोकात करू. मंडपवाला, व्हिडिओ शूटिंग, प्रमुख पाहुणे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळं पैसे देऊन करवून घेतलं, तर आई-बापांनी करायचं काय? टाळ्या?" प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर त्या वर्षी एका विद्यार्थ्याची पणजी बसली होती. तिनं भाषण केलं नाही, पण समोरच्या पाच-सहा पोरांची शेंबडी नाकं पुसली.

तर बाफले. गावच्या लोकांना सांगायला नको, पण हा ग्रंथ बाहेरही जाईल म्हणून सांगतो. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे आणि तुपात बुडवून डाळीबरोबर खायचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तर तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मिजास होती. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं, "बाटी जैसा ही होता है, सेंक दो कंडे पे." म्हणजे बाटीसारखंच, गोवऱ्यांवर भाजून टाक. मला तेवढं पुरे झालं.

शनिवारी मुलांच्या आयांनी गोळे करून परातीत ठेवले होते. गोवऱ्या फुलल्या होत्या. शेजारी चुलीवर भलंमोठं पातेलं भरून पाणी खळखळत होतं. बाई आणि बाकीची मंडळी मैदानात पोत्यांच्या शर्यतीत रंगलेली. शाळेतल्या गंगाबाई, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या मावशी, त्याही तिकडेच. मी ते पाणी पाहिलं आणि मनात म्हटलं, वा! काय ही काळजी! एवढ्या थंडीत पोरांचे हात धुवायला बाईंनी गरम पाणी ठेवलं! मी लगेच दोन बादल्यांत गार पाणी मिसळून शाळेतल्या यच्चयावत पोरांचे हात धुतले. माझेही धुतले. गौरी माझा स्वेटर ओढत होती. "थांब जरा," मी म्हटलं. ती पुन्हा ओढायला लागली. "गौरी, बाबा कामात आहेत ना?" तिसऱ्यांदा ओढल्यावर मी तिला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि कच्चे गोळे सरळ आरावर टाकले. नीट भाजले जावेत म्हणून भरपूर वेळ ठेवले.

शाळा पंगतीला बसली. गंगाबाईंनी पहिला बाफला फोडायला घेतला. फुटेना. त्यांनी तो फरशीवर आपटला, तर फरशीनंच आवाज केला. "क्यों भियाजी," त्या म्हणाल्या, "ये बाफला है के भाटा?" भाटा म्हणजे इकडे दगड. रामघाटावरचे एक पंडितजी, त्यांचा मुलगा तिसरीत होता, त्यांनी दाताखाली धरून पाहिला आणि हात जोडून बाजूला ठेवला. सगळी पंगत हसायला लागली. कुणीतरी चुलीकडे बोट केलं. पातेल्यात तळाशी दोन तांबे पाणी उरलं होतं.

बाई पुढे आल्या. गौरीसमोर वाकून त्यांनी विचारलं, "क्यों गौरी, तुला माहीत होतं?"

आणि माझी मुलगी, जी शब्द काढत नव्हती, ती सगळ्या शाळेसमोर कमरेवर हात ठेवून ठणठणीत आवाजात म्हणाली, "मैं तो कब से बोल रही थी, पहले उबालते हैं! बाबा सुनते ही नहीं!"

तीही हिंदीत! अस्सल उज्जैनी हेल काढून! मी तिच्याकडे बघतच राहिलो. गंगाबाई म्हणाल्या, "सुनेंगे कैसे, दिन भर तो ये मेरा माथा खाती है." तेव्हा मला कळलं. गौरी शाळेत पोपटासारखी बोलत होती. गंगाबाईंच्या मागे मागे फिरून ती भाषा शिकली होती, बाफलेही शिकली होती. ती गप्प होती फक्त माझ्यासमोर. मी आठ महिने तिला प्रश्न विचारत होतो आणि उत्तर यायच्या आत पेपर उघडत होतो. गाव परकं नव्हतं, मीच परका झालो होतो. मला तिथंच रडू फुटलं असतं, पण बाईंनी ती सवड दिली नाही.

"काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "आता चूरमा होईल. खलबत्ता आणा, घरोघरून आणा. पाटणकरजी, तुम्ही कुटणार. गौरी सांगणार आणि तुम्ही ऐकणार."

मग काय! गल्लीतून खलबत्ते आले, वरवंटे आले, कुणाच्या घरून पोळ्यांची चवड आली. पोरं डाळ-पोळी जेवली आणि आम्ही बाप-लेकीनं ते दगड कुटले. "बाबा, ज़ोर से! बाबा, इधर का रह गया!" अशी माझ्यावर हुकूमत चालली होती. हात सोलवटले माझे. गूळ-तूप घालून वळलेले ते लाडू पोरांनी इतके मिटक्या मारत खाल्ले, की पुढच्या वर्षापासून चिठ्ठीतच 'बाफले आणि पाटणकरांचा चूरमा' असं लिहिलेलं निघायला लागलं.

घरी जाताना टॉवर चौकात आम्ही गराडू खाल्ले. तळलेल्या त्या गरम कंदावर लिंबू पिळून खाताना गौरी बोलत होती. कोण कुणाशी कट्टी आहे, गंगाबाईंच्या बकरीचं नाव काय. मी गप्प होतो. मला गप्प बसायला बाईंनी शिकवलं, असं मी आजही म्हणतो आणि माझ्या बँकेतली मित्रमंडळी ते खरं मानत नाहीत.

बाईंचा चांगुलपणा कधी उपकारासारखा अंगावर येत नसे. मला मुलीची वेणी घालता येत नव्हती. शेजारच्या काकू सकाळी गौरीचे केस बांधून द्यायच्या, आणि त्यांना सवड नसली की ती तशीच झिपरी शाळेत जायची. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. पण मला एकट्याला बोलावून शिकवलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. दोन शनिवारांनंतर डब्यातून तीन बापांच्या नावे एकच काम निघालं, 'वेणी घालणे'. एक रेल्वेतले गार्ड, त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. दुसरे ते रामघाटावरचे पंडितजी, त्यांची धाकटी मुलगी बालवर्गात. आणि तिसरा मी. बाईंनी खिडकीच्या गजांना सुतळीचे तीन तीन पदर बांधले आणि आम्हा तिघांना रांगेत उभं केलं. पंडितजींची वेणी पहिल्या फटक्यात जमली. गार्डसाहेबांनी सुतळीची अशी गाठ मारली की ती पुढे कात्रीनं कापावी लागली. गौरी आणि त्या दोघांच्या मुली आम्हाला मार्क देत होत्या. मला दहापैकी चार मिळाले. त्या चिठ्ठ्या बाईंनी मुद्दाम वर ठेवल्या होत्या हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा वाटलं, नशीबच खोटं.

एवढं झालं तरी अर्ज खणात होताच, आणि दादाला नाही म्हणायची माझी छाती होत नव्हती. वडिलांच्या जागी होता तो मला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो गौरीला न्यायला स्वतःच उज्जैनला आला. वहिनींनी तिच्यासाठी काळ्या खणाचं परकर-पोलकं शिवून पाठवलं होतं. मी बाईंकडे धावलो. म्हटलं, बाई, तुम्ही दादाशी बोला, तुमचं ऐकेल तो. बाई म्हणाल्या, "मी का बोलू? मुलगी तुमची. उद्या त्यांना घेऊन या. त्यांच्यासाठी पण चिठ्ठी ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गौरीची वेणी घालत होतो आणि ती दादाला शाळेतली सगळी भांडणं सांगत होती. दादा चहाचा कप हातात धरून बघत होता. चहा पार निवला. शाळेत त्याच्या चिठ्ठीत गिल्ली-दंडा निघाला. इकडे संक्रांतीला लहानथोर सगळे खेळतात. दादा पन्नाशीचा, कोट घातलेला. गौरीनं त्याला दंडा कसा धरायचा ते दाखवलं आणि काकांनी पहिल्याच टोल्याला गिल्ली शाळेच्या कौलांवर घातली. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बाईंनी त्याला तिळगूळ दिला, साताऱ्याची थंडी कशी असते ते विचारलं. गौरीच्या जाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

परतताना दादा म्हणाला, "अरे, हिला न्यायला आलो होतो खरा. पण ही गेली तर तुझं कसं व्हायचं? तिच्यापेक्षा तूच लहान आहेस." आणि खिशातला रुमाल काढून त्यानं नाक शिंकरलं. त्या रात्रीच्या गाडीनं तो एकटा गेला. ते काळं परकर-पोलकं मात्र गौरीनं लगेच अंगात घातलं आणि दोन दिवस काढलं नाही.

बाईंचे दोष लिहिले नाहीत तर त्या मला बोलतील. वेळेचं भान त्यांना अजिबात नव्हतं, चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू व्हायचा. चष्मा डोक्यावर ठेवून सगळ्या शाळेला शोधायला लावायच्या. आणि हट्ट तर असा, की समितीतले भलेभले त्यांच्यापुढे हात टेकायचे. पिवळ्या बसला त्या काही थांबवू शकल्या नाहीत. मुलं जात राहिली. पण आमच्या शाळेतून गेलेली कितीतरी घरं हिवाळ्यातल्या शनिवारी परत यायची, चिठ्ठी उचलायची, रेघा मारायची. मी पुढे बढती नाकारली, कारण बढती म्हणजे बदली. गौरी चौथी पास होऊन गेली, तरी बाफल्यांचा आर माझ्याकडेच राहिला. पाणी उकळलं की नाही हे आजही लोक मला मुद्दाम विचारतात. विचारू देत.

मागच्या महिन्यात हा लेख लिहायचा म्हणून बाईंच्या घरी गेलो होतो. आता गुडघे कुरकुरतात त्यांचे, पण डोळ्यांतली चमक तीच. गौरी तिच्या मुलीला घेऊन आली होती. पोरगी बाईंच्या मांडीवर चढून बडबडत होती आणि बाई सगळं ऐकत होत्या. मध्येच उठल्या, कपाट उघडलं आणि एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे ठेवला. माझाच अर्ज. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही विनंती. समासात लाल शाईनं, बाईंच्या गोल अक्षरात लिहिलेलं: 'संक्रांतीनंतर पाहू.' खाली सही.

"निवृत्त झाले तेव्हा बाकी सगळं देऊन आले," बाई म्हणाल्या. "ही अर्जी तेवढी घेऊन आले. काय करायचं हिचं?"

गौरीनं तो कागद पहिल्यांदाच पाहिला. वाचला, आणि माझ्याजवळ येऊन माझा स्वेटर धरून उभी राहिली. मी या खेपेला थांब जरा म्हटलं नाही.

बाई, घाई कशाला करता? कोणत्या संक्रांतीनंतर ते तुम्ही लिहिलेलं नाही. हात-पाय धड राहोत, चष्मा सापडत राहो, दर हिवाळ्याला तुमच्या पुढ्यात चिठ्ठ्यांचा डबा असो. अर्ज कपाटात असू द्या. यंदाची संक्रांत होऊ द्या, पुढची होऊ द्या, माझ्या नातीच्या मुलांच्या चिठ्ठ्या निघू द्यात. मी दरवर्षी येऊन विचारेन, आणि तुम्ही दरवर्षी मला तेच सांगायचं आहे.